कोरडी सिरिंज

विमल,

काल तुझा दहावा होता आणि मी आले नाही. निझामाबादची बस माझ्या लॅबसमोरूनच जाते. ती जाताना मी पाहिली. मग लॅबला कुलूप घातलं आणि उलट्या दिशेने चालत शंकरच्या पंक्चरच्या दुकानात गेले. लोक काय म्हणाले असतील याचा मला अंदाज आहे. तुझ्या आईला मी वेगळं पत्र टाकलंय. तुला मात्र सगळं नीट सांगायला हवं, कारण एक गोष्ट मी तुझ्यापासून दोन वर्षं लपवली आणि ती शंकरच्या मुलीची आहे.

तू गेलीस तेव्हा कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होतीस म्हणे. डोकं धरून बसलीस आणि संपलं. मुलं फार रडली असं तुझ्या भावाने फोनवर सांगितलं. मी रडले नाही. माझ्यासमोर मलेरियाच्या अकरा स्लाइड पडल्या होत्या, त्या संपवल्या. हे तुला खटकणार नाही. तूही तेच केलं असतंस.

मुधोळच्या शाळेतलं ते भूगोलाचं पुस्तक तुला आठवतं का हे विचारायची गरज नाही. आयुष्यभर तू ते सगळ्यांना सांगत आलीस. मराठी पुस्तकं आंध्रात आपल्याकडे वेळेवर कधी आलीच नाहीत, म्हणून आधीच्या वर्गातल्या पोरांची जुनी घ्यायची. आपल्या दोघींत एक पुस्तक होतं. ज्याचं ते आधी होतं त्या पोराने सगळ्यात अवघड धडा खळ लावून चिकटवून टाकला होता. बाहेरून पुस्तक पूर्ण, पानांचे आकडे बरोबर, पण तो धडा वाचता येईना. तू म्हणालीस, भाताच्या वाफेवर धरू. तुझ्या आईने भात घातला होता, आपण झाकण काढून पान धरलं. खळ सुटली. सोबत अर्ध्या पानाची शाईही सुटली आणि पलीकडच्या पानावर उलटी उमटली. मास्तरांनी तोच धडा विचारला आणि दोघींना उभं केलं.

पुढे तू हैदराबादच्या संस्थेत संशोधनाला लागलीस. एकदा सुट्टीत माझ्या लॅबमध्ये बसून तू मला तुझं काम समजावलंस ते याच पुस्तकावरून. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी वाढतात आणि थांबत नाहीत, हे मला माहीत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मी त्या पाहिल्या होत्या, मोठ्या केंद्रकाच्या, अर्धवट वाढलेल्या, सगळ्या एकसारख्या. मला वाटायचं, पेशीच्या आतला मजकूरच बिघडत असेल.

"मजकूर बिघडतोच. पन दरवेळी नाई," तू म्हणालीस. "कदी कदी अक्षर न् अक्षर जागेवर असते. थांबा म्हननारा धडा पुस्तकात हाय, पन पानं चिकटवलेली हायेत. पेशीले तो वाचताच येत नाई."

"कोन चिकटवते?"

"तेच तं शोधून राह्यली मी."

"आन् खळ काढाचं औषध?"

"हाय. पन ते भाताच्या वाफेसारखं हाय. खळीसंगं शाईबी काढते. मानूस मरते."

मी म्हणाले, मग कमी वाफेवर धरा. तू म्हणालीस, "तुले इथं इचोड्यात कोनी बसवलं गं?" तू केलेल्या चेष्टा मी फारशा मनात ठेवल्या नाहीत. ही ठेवली.

त्याच दिवशी तू नमुने मागितलेस. शहरातल्या दवाखान्यात रोगी पोचतो तोवर चार डॉक्टरांची औषधं पोटात गेलेली असतात, कुठे कुणाचं रक्त चढवलेलं असतं. मग खळ रोगाने लावली की औषधाने हलवली, हे कळत नाही. माझ्याकडे माणूस सरळ शेतातून किंवा ट्रकवरून तापाची तपासणी करायला येतो. मलेरियाचे जंतू शोधताना वर्षातून एखाद्या स्लाइडवर मला त्या दुसऱ्याच पेशी दिसायच्या. तेव्हा मी त्या माणसाला हैदराबादला जायला सांगायचे आणि जाण्यापूर्वी तुझ्यासाठी एक सिरिंज भरून घ्यायचे. घरच्यांना खरं सांगूनच. तशी तुझी अट होती.

अडचण एकच होती, ती तुला शहरात बसून कळली नाही आणि मला ती सांगण्यासारखी वाटली नाही. आमच्या भागात मोठ्या दुखण्यात सुई एकदाच टोचू देतात. बोटातून थेंब घेतला तर चालतो. पण शिरेतून एकदा रक्त काढलं आणि दुसऱ्यांदा मागितलं की घरचे रोग्याला उचलून घेऊन जातात. दुसऱ्यांदा रक्त दिलेला माणूस घरी येत नाही, असं त्यांचं पक्कं म्हणणं. मी वाद घालत नाही. वाद घातला तर पहिलंही देत नाहीत.

म्हणजे माझ्या हातात एकच सिरिंज. त्यातलं रक्त गोठलं तर सगळं गेलं. या रोगातलं रक्त घट्ट, आमच्याकडचा उन्हाळा तसा, आणि पेशंटच्या मानेवर हात ठेवून बसलेल्या आईला बाजूला करून नमुन्याच्या बाटलीत, बल्बमध्ये, रक्त ओतेपर्यंत दोन मिनिटं जातात. म्हणून मी सिरिंज आधी हेपॅरिनने धुऊन घ्यायचे. तू दिलेल्या बल्बमध्ये तुझं इडीटीए होतंच, तेही रक्त न गोठू देणारंच. मी वरून आणखी एक खात्री करून घेत होते. थर्मासात बर्फ भरायचा, बल्ब ठेवायचा आणि सकाळच्या एक्स्प्रेसच्या कंडक्टरच्या पायाशी थर्मास द्यायचा. तू लिहायचीस, सगळीकडून येणाऱ्या नमुन्यांत गाठी असतात, तुझा एकही गोठलेला नसतो. मला याचा अभिमान होता.

तुझं काम छापून आलं तेव्हा तू तो अंक घेऊन आलीस. इचोड्याच्या एकूण एक नमुन्यात तो धडा बंद, शहरातल्यांत काहींतच बंद. तुझं म्हणणं असं की खळ रोगाच्या सुरुवातीपासून असते, आणि म्हणून खळ काढणारं औषध फार थोड्या मात्रेत, अगदी आधी देऊन पाहायला हवं. शेवटी आभारात माझं नाव घालायचं होतं तुला. मी नको म्हणाले होते. लोक विचारतील, बाई कुणाचं रक्त कुठं पाठवते.

मग दुसऱ्या संशोधकांना ते जमेना. त्यांच्या नमुन्यांत एवढं बंद काही सापडेना. तू सगळं पुन्हा केलंस, तरी तेच आलं. शेवटी तू बसमध्ये बसून इचोड्याला आलीस, स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "मी काई बोलत नाई. तू तुझं काम कर. फक्त पायते."

एक बाई ताप घेऊन आली होती, शिरेतून रक्त घ्यायचं होतं. तुझे नमुने घ्यायचे त्याच पद्धतीने मी ते घेऊन दाखवलं. हेपॅरिनची बाटली उघडली, सिरिंज धुतली, सुई लावली. ती बाई गेल्यावर तू बाटली उचलून पाहिलीस.

"हे काय केलं तू?"

"गोठू नाई म्हनून."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

तू म्हणालीस, "चहा सांग." चहा आला, तुझ्यापुढे थंड झाला. मग तू बशीच्या कडेवर बोट फिरवत मला सांगितलंस. डीएनए, म्हणजे तो मजकूर, तोडायला तुझ्याकडे एन्झाइमच्या दोन कात्र्या होत्या. एक दांडगी, ती खळ असो नसो तोडते. दुसरी नाजूक, ती खळ असेल तिथे थांबते. नाजूक थांबली की तू म्हणायचीस, इथे पान चिकटलंय. पण हेपॅरिन डीएनएसोबत शेवटपर्यंत चिकटून राहतं आणि कात्रीची धार मारतं. दांडगी ते पचवते, नाजूक पचवत नाही. म्हणजे माझ्या नमुन्यांत ती खळीमुळे थांबली की माझ्यामुळे, हे आता देवालाही सांगता येणार नव्हतं.

"तू कदी सांगितलं काऊन नाई?"

"तू कदी इचारलं?"

"कागदावर लिवून दिलं होतं तुले. फक्त इडीटीए."

"बल्बात फक्त इडीटीएच होतं. सिरिंजचं कोनी लिवलं होतं?"

तेव्हा तू ते वाक्य बोललीस. "तुले अक्कल चालवाले कोनी सांगितलं होतं? हात चालवाचे, तेवढंच काम होतं तुझं."

तू माफी मागितली नाहीस, मीही मागितली नाही. तू माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनने, छापलेलं काम मागे घेण्याच्या पत्राचा कच्चा मजकूर लिहिलास. इचोड्याहून आलेले सर्व नमुने अविश्वासार्ह आहेत, चूक माझी, आणि खाली तुझं नाव. मी कागद ओढून घेतला आणि चूक कोणाची त्या ओळीत माझं नाव लिहिलं. तू ते खोडलंस. मी पुन्हा लिहिलं. तू पुन्हा खोडलंस, या वेळी कागद फाटेपर्यंत.

"आभारात नाव टाकते म्हनलं तवा नाई म्हनली. आता कायले पायजे?"

"माही चूक हाय म्हनून."

"तुझं नाव छापलं तं उद्या इथं मलेरियाची स्लाइडबी कोनी देनार नाई. लोकं मरतीन, सुमन. गप बस."

चारच्या बसने तू गेलीस. शनिवार होता. पत्र नीट टाइप करून सोमवारी टाकणार होतीस.

आता मी लपवलेली गोष्ट. तुझी बस गेल्यावर त्याच रात्री मी जुनी रजिस्टरं काढली. मी 'पहिल्यापासून' म्हणाले होते, ते तेव्हा मला खरंच वाटत होतं. रजिस्टरात तुझ्या प्रत्येक नमुन्याची नोंद आहे आणि समोर त्या दिवशी काय संपलं, काय उघडलं ते. शंकरच्या सुनीताच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय: हेपॅरिन संपलं. सिरिंज कोरडी. लगेच ओतलं.

तेरा वर्षांची मुलगी. हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून शंकरने तिला टायर वाहायच्या हातगाडीवर बसवून आणली होती. "बाई, एकदाच," तो म्हणाला होता. तिची आई नव्हती, मध्ये कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून रक्त पटकन ओतता आलं. थर्मास शंकरनेच नेला. मुलीला दवाखान्यात पोचवलं आणि थर्मास तुझ्या दारात. दीड महिन्याने तो एकटा परत आला.

त्या एका नमुन्यात माझं हेपॅरिन नव्हतं. आणि तुझ्या छापलेल्या चित्रात प्रत्येक नमुन्याचा एक पट्टा आहे, तसा त्याचाही आहे. त्यातही नाजूक कात्री थांबलेली आहे.

एसटीडी बूथ लॅबपासून चार दुकानं सोडून आहे. रविवारी तो उघडा होता. मी गेले नाही. तू बोललेलं वाक्य माझ्या डोक्यात होतं, आणि मला वाटलं, माझं काम हात चालवायचं आहे ना, मग अक्कल तुझी तू चालव. सोमवारी राग गेला. तेव्हा वाटलं, पत्र गेलं असेल. पुढे वाटलं, एका नमुन्याने काय सिद्ध होतं, तूच म्हणायचीस की एक म्हणजे काहीच नाही. त्याही पुढे वाटलं, आता सांगितलं तर तू म्हणशील, रविवारी काऊन नाई सांगितलं. शेवटचं कारण सगळ्यात जास्त दिवस टिकलं.

एका नमुन्याने काही सिद्ध झालं नसतं, हे मला आजही मान्य आहे. पण पत्रात तू 'सर्व' लिहिलं होतंस. ते 'सर्व' खोटं होतं आणि ते खोटं आहे हे फक्त मला माहीत होतं. तू संस्था सोडलीस, निझामाबादला मुलांना कांद्याच्या सालीतल्या पेशी दाखवायला लागलीस. दिवाळीला मुधोळला भेटलो तेव्हा तू कामाचा विषयच काढला नाहीस. मी तुला चिवड्याची कृती विचारली. मला ती येते.

तू गेल्याच्या चौथ्या दिवशी तुझ्या जुन्या विद्यार्थिनीचं, पद्मजाचं, पत्र आलं. तिला मराठी येत नाही, हिंदीत लिहिलंय, मोठ्या अक्षरात, मी म्हातारी असेन असं समजून. मागे घेतलेल्या कामाचे नमुने संस्था या महिनाअखेर फेकून देणार आहे. पण आता हेपॅरिन खाऊन टाकणारं एक एन्झाइम मिळतं आणि खळ शोधायची नवी रीतही आलीय, तिला नाजूक कात्री लागत नाही. मॅडम सांगायच्या की इचोड्याचे नमुने फेकू नका, असं तिने लिहिलंय. म्हणजे तुझी आशा पूर्ण सुटली नव्हती. हे मला तुझ्याकडून नाही, तिच्याकडून कळलं. ते नमुने कसे घेतले होते ते कुणी सहीनिशी लिहून देईल का, हे ती विचारते. त्याशिवाय तिला ते ठेवू देणार नाहीत.

लिहून देणं सोपं होतं. पण सुनीताच्या बाबतीत मी शब्द दिला होता, एकदाच. तेच रक्त पुन्हा तपासणं म्हणजे दुसऱ्यांदा घेणं की नाही, हे मला ठरवता येईना. म्हणून काल मी तुझ्याकडे येण्याऐवजी शंकरकडे गेले.

तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे पाहत होता. "या बाई. लुना कुठं हाय? हवा टाकाची का?"

"नाई. सुनीताचं बोलाचं हाय."

त्याने ट्यूब पाण्यातून काढली नाही. "बोला."

"तिचं रक्त अजून हाय. हैदराबादले, बर्फाच्या पेटीत."

तो ट्यूब फिरवत राहिला. "तुमी तं एकदाच म्हनल्या होत्या."

"एकदाच काढलं. त्यातलंच उरलेलं हाय. ते पुन्यांदा तपासाचं म्हनून राह्यले."

"इतके वर्सं बर्फात?"

"हो."

"तिले थंडी सोसत नवती," तो म्हणाला. छिद्र सापडलं होतं, त्यावर त्याने बोट ठेवलं. "तपासून काय होईन?"

"तिच्यासाठी काई नाई. ज्या बाईकडे तू थर्मास नेला होता, ते बी गेली. तिच्यासाठीबी काई नाई."

"मंग कोनासाठी?"

पुढच्या रोग्यांसाठी, असं मी म्हणू शकले असते. तू तसं म्हणाली असतीस आणि तुझ्या तोंडी ते खरंही ठरलं असतं. मी म्हणाले, "ते बाई खरी होती का खोटी, हे मले माईत होतं थोडं. मी सांगितलं नाई. आता तिचं सारं फेकून राह्यले."

शंकरने ट्यूब पुसली, काचकागदाने घासली, ठिगळ लावलं.

"तपासा," तो म्हणाला. "पन एकदाच. आन् उरलं तं फेकू नोका. मले आनून द्या. बासरले गोदावरीत सोडतो. तिचं काई राह्यलं हाय, हे मले कोनी सांगितलंच नवतं."

ते उरलेलं म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या नळीतला एक थेंब असणार, हे मी त्याला सांगितलं नाही. पद्मजाला लिहिलंय की तो थेंब परत हवा.

आज सकाळी कागद लिहिला. प्रत्येक नमुन्यापुढे हेपॅरिन, हेपॅरिन, हेपॅरिन. सुनीताच्या पुढे, सिरिंज कोरडी. रजिस्टरचं पान फाडून सोबत जोडलं. त्याखाली लिहिलं की मला ही नोंद पत्र जाण्याआधी सापडली होती आणि मी ती कळवली नाही. पद्मजा कदाचित म्हणेल, शेवटचं वाक्य लागत नाही. मला लागतं.

ती काय काढेल ते मला माहीत नाही. धडा बंद निघाला तर तू त्या एका ठिकाणी बरोबर होतीस, आणि बाकीच्यांत कदाचित. उघडा निघाला तर तूही चुकली होतीस आणि मीही. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी ते मी आधी शंकरला सांगेन. तुला सांगायचा दिवस रविवार होता.

कागदाच्या तळाशी मी माझं नाव लिहिलंय, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, खाली इचोडा. शाई वाळेपर्यंत पाच मिनिटं तशीच बसले. कुणी खोडलं नाही.